अंथरूण पंचमीचा आद्य व्रती

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. किंवा राहू दे, हसाच. त्या दिवसाचं हसण्यापलीकडे दुसरं काही करता येत नाही, मी सगळं करून पाहिलंय.

थापा मी आयुष्यात भरपूर मारल्या. गोमती नदीत मगर आलीय असं सांगून एकदा आख्ख्या ऑफिसला जेवणाच्या सुट्टीत पुलावर उभं केलं होतं मी. दोघांना ती दिसलीसुद्धा! पण स्वतःच मारलेल्या थापेखाली मीच चेंगरलो, असा प्रसंग हा एकच. आणि खरं सांगू? त्या वेळी थाप मारायची हौस वगैरे काही नव्हती हो. मला फक्त झोपायचं होतं.

एक दिवस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आडवं. बस.

तर मी ढोबळे. मूळचा वर्ध्याचा, गेली एकोणीस वर्षं लखनौत. इथे 'ळ' कोणाला म्हणता येत नाही, त्यामुळे एकोणीस वर्षं मी 'ढोबले जी' आहे. एका सरकारी कंपनीत काम करतो. ऑफिस गोमती नगरात, घर तेलीबागेत. म्हणजे रोज स्कूटरवरून अर्धं लखनौ मी ओलांडतो आणि उरलेलं अर्धं मला ओलांडून जातं. घरी बायको मंदा आणि मुलगी रुई. रुई वीस वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, विशेषतः जे कळू नये ते. उत्तर मात्र हिंदीत देते.

मला झालं काय होतं, ते मला नीट सांगता यायचं नाही. आजार म्हणावा तर रिपोर्ट सगळे छान. झोप येत नव्हती असंही नाही. यायची, पण साहेबांच्या शिपायासारखी यायची. दारात उभी राहायची, एखादी फाइल ठेवायची आणि निघून जायची. सकाळी उठलो की मोटर, पाण्याची टाकी, वर्ध्याहून बाबांचा गुडघ्याबद्दल फोन, मग स्कूटर, मग ऑफिसच्या ग्रुपवर 'अर्जंट' लिहिलेले चौदा निरोप. त्यातला एकही अर्जंट नसायचा, पण ते कळायला चौदाही वाचावे लागायचे. दुपारी तीनला मी लिफ्टच्या आरशात पाहायचो आणि तिथल्या माणसाला नमस्कार करायचो. कोणीतरी वयस्कर वाटायचं.

आमच्या चौकातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला आणि म्हणाले, "टेंशन मत लिया कीजिए."

आता बघा, मी काय पिशवी घेऊन टेन्शन आणायला जातो? ताजं आहे का, देठ हिरवं आहे का, असं निवडून?

त्यात ऑफिसचं वरून परिपत्रक आलं. विषय: कर्मचाऱ्यांचा तणाव. प्रत्येकाने आपला तणाव महिनाअखेरपर्यंत कमी करावा आणि केल्याचं विहित नमुन्यात कळवावं. ते नमुने सगळ्यांकडून भरून घेऊन, तपासून, वर पाठवायची जबाबदारी कोणाची? बरोबर ओळखलंत. दुसऱ्यांचे तणाव मी पंच करून फायलीला लावत होतो.

तेव्हा ठरवलं, शुक्रवारी रजा. अर्ज लिहिला. 'कारण' या रकान्यात खरं तेच लिहिलं: थकान.

आमचे साहेब श्रीवास्तव. फार सज्जन माणूस. नाही म्हणायचं असेल तर आधी खुर्ची देतात, मग पाणी मागवतात, मग नाही म्हणतात. पाण्याचा ग्लास आला तेव्हाच मी समजलो.

"ढोबले जी," साहेब अर्ज डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "आपने कारण में थकान लिखा है."

"जी सर."

"थकान तो भई कारण नहीं है. थकान तो हालत है. हम भी थके हैं. रिज़वी साहब थके हैं. अब सब लिख दें थकान, तो ऑफिस में कौन बैठेगा? कोई ठोस कारण हो तो बताइए."

मी पाणी प्यायलो. ठोस कारण. लग्न नव्हतं, मयत नव्हती. मी समोरच्या भिंतीकडे बघत होतो, तिथे कॅलेंडरवर देवाचं चित्र होतं. आणि माझ्या तोंडातून, देवाशपथ सांगतो, माझी परवानगी न घेता शब्द निघाले.

"सर, दरअसल उस दिन हमारे यहाँ व्रत है."

साहेब सरळ बसले. "अच्छा? कौन सा?"

"अंथरूण पंचमी."

आजपर्यंत कोणत्याही मराठी माणसाने हे दोन शब्द शेजारी ठेवले नसतील. पण लखनौत ते मोजायला कोण बसलंय?

"अंथ... रून?"

"अंथरूण, सर. यानी बिछौना. घर का मुखिया सूरज निकलने से सूरज डूबने तक ज़मीन पर बिछौना बिछाकर लेटा रहता है. बोलता नहीं. फोन नहीं छूता. मौन, सर. कड़ा मौन. घरवाले सेवा करते हैं."

साहेबांनी फोन काढला, त्यात पंचांग उघडलं.

"लेकिन ढोबले जी, शुक्रवार को तो सप्तमी है."

आता इथे मी खलास व्हायला हवा होतो. पण लखनौत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाकडे एक ढाल असते. इथे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे इथला श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो आणि आपण दर वर्षी शेजाऱ्यांना समजावत बसतो की बाबांनो, आमचा अजून लागायचाय. ती ढाल मी पुढे केली.

"सर, हमारा पंचांग अलग चलता है ना."

"हाँ हाँ!" साहेबांचा चेहरा उजळला. "आप लोगों का तो सावन भी देर से आता है! ठीक है, ठीक है."

तिथी दोन्हीकडे एकच असते, महिन्याचं नाव तेवढं बदलतं. हे त्यांना माहीत नव्हतं, मी सांगितलं नाही. त्यांनी सही केली. एवढंच नाही, उठून उभे राहून केली. "व्रत में विघ्न नहीं डालना चाहिए," म्हणाले.

मी तरंगत बाहेर आलो.

मंगळवारची ही गोष्ट. बुधवारी संध्याकाळी घरी पाऊल टाकतो तर मंदा फोन हातात धरून उभी. चेहरा असा, की मी चपला काढायच्या थांबलो.

"तुमच्या साहेबांच्या मिसेसचा फोन आला होता."

"बरं."

"अंथरूण पंचमीची कथा मागत होत्या. छापील असेल तर उत्तम, म्हणाल्या."

मग सगळं सांगावं लागलं. रुई सोफ्यावर पालथी पडून हसत होती. "पापा, आपने त्योहार ही बना दिया? फुल त्योहार?"

मंदा हसली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे तुम्ही दिवसभर लोळणार आणि घरचे सेवा करणार. घरचे म्हणजे कोण हो?"

"अगं, ते साहेबांना सांगायला..."

"कळलं. मला सुट्टी द्यायला कोणती पंचमी आहे, तेवढं शोधून ठेवा."

असं म्हणून ती आत गेली. मी ते गमतीत घेतलं. इथेच चुकलो.

साहेबांच्या मिसेसचा पुन्हा फोन आला. मंदाने तो माझ्या कानाला लावला आणि समोर ठाण मांडून बसली. आता कथा सांगणं भाग होतं. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली, "एक आटपाट नगर था..."

"ये आटपाट कहाँ पड़ता है, भाई साहब?"

"वर्धा के पास. वहाँ एक दीवान था. दिन-रात राजा का काम करता, कभी सोता नहीं था. एक दिन देवी उसके पास आई और बोली, वत्स, बिछौना बिछा..."

पुढे मी काय काय सांगितलं ते मला आठवत नाही. दिवाणाने झोप नाकारली, त्याची म्हैस आटली, विहीर आटली, मग त्याने अंथरूण घातलं, सगळं परत आलं. फोनवर पलीकडून हुंदका ऐकू आला. साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, "भाई साहब, हमारे ये भी बिल्कुल उसी दीवान जैसे हैं."

मला वाटलं, झालं, संपलं. संपतंय कसलं!

साहेबांच्या मिसेस रोज सकाळी एका बागेत हास्यवर्गाला जातात. तणाव जावा म्हणून तिथे पन्नास बायका टाळ्या वाजवून खोटं खोटं हसतात. त्याच वर्गात आमच्या कुलकर्णी काकू. काकू निशातगंजात चाळीस वर्षं राहतात आणि लखनौतल्या तमाम मराठी सणवारांच्या त्या सरन्यायाधीश आहेत. कोणाच्या गौरी कोणत्या दारातून आत आल्या, याचा निकाल त्या घरबसल्या देतात.

गुरुवारी संध्याकाळी काकू रिक्षा करून तेलीबागेत आमच्या दारात! मंदाने दार उघडलं आणि माझ्याकडे असं बघितलं की आता भोगा.

"काय ढोबळे," काकू खुर्चीत बसत म्हणाल्या, "उद्या तुमच्याकडे अंथरूण पंचमी आहे म्हणे?"

ह्या बाईने एक शब्द काढला की साहेबांपर्यंत बातमी, आणि मग रजा तर जाईलच, पण खोटं व्रत सांगून सही घेणारा माणूस म्हणून निवृत्तीपर्यंतची आठ वर्षं मला त्याच ऑफिसात बसायचं!

"काकू, ते म्हणजे... आमच्या वर्ध्याकडे जरा..."

"वर्ध्याकडे काय!" काकू कडाडल्या. "आमच्या माहेरी, सांगलीला, केवढी मोठी असायची! माझ्या आजोबांनी कधी मोडली नाही. फक्त आमच्यात उशी उत्तरेला करत नाहीत. आणि नैवेद्याला साखरभात लागतो. तुमच्यात काय असतं?"

मी मंदाकडे बघितलं, मंदाने माझ्याकडे.

"साखरभातच," मी म्हणालो.

"बघा! रीत सगळीकडे सारखीच. उद्या मी येते. तुम्हा आजकालच्या लोकांचं काहीतरी राहून जातं."

मंगळवारी साडेअकरा वाजता जन्मलेला सण, आणि त्याला गुरुवारी सांगलीचे आजोबा मिळाले. क्षणभर मलाच वाटायला लागलं की असेल बुवा, आपल्याच लक्षात नसेल.

उजाडला शुक्रवार. दिवाळी होऊन गेली होती, हवेत छान गारवा. मी हॉलमध्ये जमिनीवर गादी घातली, वर रजई. खरं तर आत पलंगावर पडलो असतो, पण काकू येणार होत्या. फोन बंद करून कपाटात ठेवला. डोक्याखाली उशी घेतली. अहाहा! काय सांगू तुम्हाला, त्या गादीत माझी पाठ अशी उतरली, जसं काही ती वीस वर्षं उभीच होती. डोळ्यांवर गुंगी आली. कान बंद होत गेले. एक छान काळोख...

टिंग टाँग.

अकरा मिनिटं. घड्याळात बघितलं, बरोबर अकरा मिनिटं झोपलो होतो.

रुईने दार उघडलं. दारात श्रीवास्तव साहेब. अंगात पांढरा कुर्ता पायजमा, काखेत सुतळीने बांधलेली गादीची वळकटी. मागे त्यांच्या मिसेस, हातात दोन उशा.

"बेटा, पापा बैठ गए व्रत में? मतलब, लेट गए?" साहेब कुजबुजले. मग मला बघून हात जोडले. "ढोबले जी, आप बोलिएगा मत! हम जानते हैं, मौन है. हमने सोचा, पहली बार कर रहे हैं, अकेले घर पर कोई गलती न हो जाए. तो आप ही के बगल में..."

आणि त्यांनी वळकटीची सुतळी सोडली. गादी नवीन होती. निशातगंजातून कालच आणली, असं मिसेस म्हणाल्या.

मी ओरडणार होतो. ओरडता येईना! मौन माझंच, कडक मीच केलेलं. मी दोन्ही हात जोरजोरात हलवले: नको, नको, इथे नको! साहेबांनी क्षणभर निरखून पाहिलं आणि भक्तिभावाने स्वतःही दोन्ही हात तसेच हलवले. मिसेसनीही हलवले. मी कपाळावर हात मारला. दोघांनी कपाळावर हात मारला. मग दोघं आडवे झाले.

पाच मिनिटांनी परत टिंग टाँग. हिशेब विभागातले रिज़वी साहब. बगलेत सतरंजी, आणि मला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून स्वतःच खुलासा करत आत आले.

"भई ढोबले साहब, त्योहार आपका है, माना. मगर कमर तो हमारी भी वही है. श्रीवास्तव साहब ने आज आधे दफ़्तर को छुट्टी दे दी कि जिसको व्रत करना हो करे. तो हमने कहा, ऐसा नेक काम हमसे क्यों छूटे?"

अर्धं ऑफिस! ते आलंच. दहा वाजेपर्यंत आमच्या हॉलमध्ये मी सोडून नऊ माणसं आडवी होती. टीपॉय बाल्कनीत गेला, सोफा भिंतीला उभा केला. आमच्या हॉलला दोन खिडक्या आहेत, त्या दिवशी त्यांतून उशांचे कोपरे बाहेर आले होते. चहा कोणाला, पाणी कोणाला, साखरभात कधी, मंदा आतबाहेर करत होती. मी रजईतून एक डोळा उघडून बघत होतो. मनात म्हटलं, होऊ दे गर्दी. निदान मी तरी आडवा आहे.

साडेदहाला काकू आल्या. सगळ्यांवर नजर फिरवली, दोघांच्या उशा उत्तरेकडून काढून पश्चिमेला केल्या आणि खुर्चीत बसल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मंदा बाहेर आली. हातात चहाचा ट्रे, त्यावर दहा कप. ती हॉलच्या मधोमध उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि अतिशय गोड आवाजात बोलायला लागली.

"भाई साहब, एक नियम बताना ये भूल ही गए."

साहेबांनी मान वर केली. "जी, भाभी जी?"

"जिसके घर में व्रत होता है ना, वो पहला व्रती, वो खुद नहीं सोता. वो उस दिन सबकी सेवा करता है. चाय, नाश्ता, खाना, बर्तन. तभी सबको फल मिलता है. और घर की औरत," इथे ती जरा थांबली, "घर की औरत सबसे पहले सोती है."

मी ताडकन उठून बसलो. तोंड उघडलं. नऊ जणांनी ओठांवर बोट ठेवलं. "मौन, मौन, ढोबले जी!"

मी आशेने काकूंकडे वळलो. चाळीस वर्षांचा अनुभव, सांगलीचं माहेर! त्या तरी म्हणतील की असा नियम नाही. काकूंनी चष्मा सरळ केला.

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "आद्य व्रती झोपत नाही. आमच्यात तर तो बसतसुद्धा नाही."

संपलं.

मंदाने माझ्या अंगावरची रजई काढली, खाली ठेवलेली माझी उशी उचलली आणि झोपायच्या खोलीकडे निघाली. दारात थांबून माझ्या कानाशी म्हणाली, "मोटर, मोटर म्हणून तुम्ही रोज ओरडता. पहाटे पाचला उठून ती लावतं कोण, कधी बघितलंत?"

आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतरची हकिगत मी थोडक्यात सांगतो, कारण पाय अजून दुखतात. मी दहा माणसांचे पोहे केले. मूकपणे. रुई मदतीला आली तर काकूंनी तिला अडवलं, "नाही हं, फळ जाईल." रुईने लगेच, "ओके पापा, सॉरी," म्हटलं आणि ती पण एक चादर घेऊन गॅलरीत जाऊन झोपली. काकूंनी खुर्चीतल्या खुर्चीत मान टाकली. मी चहा केला. कप विसळले. परत चहा केला. साखरभात केला, आयुष्यात पहिल्यांदा. त्यात लवंगा किती घालतात हे विचारायला तोंड उघडता येईना, म्हणून मूठभर घातल्या.

आणि ती सगळी माणसं झोपली हो. कशी झोपली! मला वाटलं होतं, थोडा वेळ लोळतील, कंटाळतील, बाराला निघून जातील. कसलं काय. रिज़वी साहब चष्म्यासकट झोपले. मी तो हळूच काढून खिडकीत ठेवला. साहेबांचं तोंड उघडं पडलं होतं, आणि मधेच झोपेत ते दचकून म्हणाले, "भेज दिया सर, भेज दिया सर, अभी भेजा है." कोणालाच काही पाठवायचं नव्हतं. मी त्यांच्या अंगावरची सरकलेली चादर वर ओढली. रोज हा माणूस मला विचारतो, 'सब बढ़िया?' आणि मी म्हणतो, 'सब बढ़िया सर.' दोघेही धादांत खोटं बोलतो, आणि थापाड्या म्हणून नाव मात्र माझं.

दोन वाजता दूध तापत ठेवलं आणि पोळीचे डबे शोधायच्या नादात ते उतू गेलं. भसकन शेगडीवर, वास घरभर. मी दचकून झोपायच्या खोलीकडे बघितलं. आमच्या घरात दूध उतू जाणार असेल तर मंदाला ते जाण्याआधी कळतं. बाजारात असली तरी कळतं. आता ती तावातावाने बाहेर येणार. नाही आली. मी दार ढकललं. माझी उशी कवटाळून, गालाखाली हात घेऊन, केस मोकळे, पाय पोटाशी, ती गाढ झोपली होती. चोवीस वर्षांच्या संसारात दूध उतू गेलं आणि तिला कळलं नाही, असं पहिल्यांदाच.

मी तसाच दारात उभा राहिलो. तिथे चौकटीला टेकून एक डुलकी काढावी असा विचार आला, पण हॉलमधून कोणाचा तरी हात वर आला. पाणी हवं होतं.

शेवटी एकदाचा सूर्य कलला. हिवाळ्यात तो लवकर मावळतो म्हणतात. त्या दिवशी त्याने माझं वैर धरलं होतं. सव्वापाचला काकूंनी डोळे उघडून खिडकीबाहेर बघितलं आणि जाहीर केलं, "उतरलं व्रत."

एकेक जण उठून बसला. गालांवर उशांच्या सुरकुत्या, केस उभे, डोळे बाळासारखे. साहेब स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

"ढोबले जी," ते म्हणाले, "बीस साल हो गए होंगे. ऐसी नींद... हम तो भूल ही गए थे कि होती है."

रिज़वी साहब चष्मा शोधत म्हणाले, "अमाँ, हम तो समझे गुज़र गए. और बुरा भी नहीं लगा."

सगळे हसले. मी भांड्यांच्या ढिगाशेजारी, हाताला साबण, ओणवा उभा. आता बोलायची मोकळीक होती. आणि मी मनाशी ठरवलं, खरं सांगून टाकायचं. सर, असं कुठलंही व्रत नाही. मी थकलो होतो, तुम्ही सही करत नव्हता, म्हणून थाप मारली. काय व्हायचं ते होऊ दे. एवढं सगळं करून निदान खरं बोलून हलकं व्हावं आणि पाठ टेकावी.

साहेब हात जोडून पुढे आले. "अब तो आप बोल सकते हैं. एक बात बताइए, ये पंचमी साल में एक ही बार आती है क्या?"

मी तोंड उघडलं. "सर, सच कहूँ तो..."

तेवढ्यात आतलं दार वाजलं. मंदा बाहेर आली. गालावर उशीची शिवण उमटलेली, केसांत हात फिरवत. सगळ्यांकडे बघून ओशाळली आणि मला म्हणाली, "किती वाजले हो? मला जाग कशी नाही आली?" तो आवाज मी लग्नाआधी, तिला बघायला गेलो होतो तेव्हा ऐकला होता. नंतर तो कुठे गेला होता, देव जाणे.

साहेब माझ्या तोंडाकडे बघत थांबलेले. मी मंदाकडेच बघत राहिलेलो. आणि हे बघून खुर्चीतून काकू पुढे सरसावल्या, "सांगू का मी? आमच्या सांगलीला तर ती दर आठ..."

"हर महीने!" मी ओरडलो. "सर, हर महीने आती है! महीने में एक बार! बस एक बार!"

सांगलीची दर आठवड्याला निघाली असती तर मी जगलो नसतो.

झाले त्याला सहा महिने. आमच्या ऑफिसात आता कोणी कोणावर खेकसत नाही. साहेबांचं ब्लड प्रेशर उतरलं. रिज़वी साहब त्यांच्या मेहुण्याला घेऊन येतात. मंदाला तर चार दिवस आधीपासून उत्साह असतो, ती माझ्यासाठी पोहे निवडून ठेवते. सगळ्या लखनौत विश्रांतीच्या सणाने दमलेला माणूस एकच आहे, तो तुमच्यापुढे बसलाय.

या शुक्रवारी आहे. तुम्हीही सगळे थकलेले दिसताय, येऊन जा. गादी आपापली आणा. बेल वाजवायची गरज नाही. मी जागाच असतो.